शुक्रवारी आपलं घर निघतंय

लाजोंगा, सोमवार सकाळ

प्रिय बास्री,

येत्या शुक्रवारी दुपारची नमाज झाली की आपलं घर निघतंय. खांबांसकट, लोकांच्या खांद्यांवर, मोठा रस्ता ओलांडून, हाजी मानसूरच्या शेतातून, थेट झऱ्याच्या माळावर. हे आधीच सांगून टाकते, कारण पत्र हातात आलं की शेवटच्या ओळीवर उडी मारायची तुझी लहानपणापासूनची खोड. म्हणून मुद्द्याचं वर लिहिलं. पण याहून मुद्द्याचं खाली आहे, आणि मधलं वाचल्याशिवाय ते तुला कळायचं नाही. तेव्हा उड्या मारू नकोस.

हे पत्र टपालात टाकलं असतं तर ते आधी शहरात जाऊन मग पुन्हा इथेच आलं असतं. म्हणून रुस्तानच्या हातात देणार आहे. तुमच्या वसाहतीच्या फाटकावर तो निळी टोपी घालून बसतो, आपल्या सख्ख्या आत्याचा मुलगा. मागच्या महिन्यात मी तुझ्याकडे यायला निघाले होते, तुला कळलंही नसेल. फाटकावर हा मला विचारतो, "कुणाकडे जायचंय, बाई?" मी म्हटलं, "मेल्या, तुझ्या सुंतेला मी पंगतीत भात वाढला, आणि मला बाई म्हणतोस?" बिचारा कानापर्यंत लाल झाला. मग बहिणीच्या नात्याने हळूच म्हणाला, "डाएंग, वर कॅमेरा आहे. आत सोडायच्या आधी घरमालकाला फोन करून विचारावं लागतं." मी म्हटलं, "नको विचारूस. सख्ख्या भावाकडे जायला परवानगी मागायची असेल तर मी आपली परत जाते." आणि आले परत. तुझ्यासाठी आणलेली तळलेली केळी त्यालाच खायला घातली. संध्याकाळी आपल्या पडवीत बसलं की तुझ्या माडीवरचा दिवा दिसतो. अंबो, बाप असून, त्या बाजूला पाठ करून बसतो, पण दिवा लागला की नाही ते मला विचारल्याशिवाय जेवत नाही. नाव घेत नाही हं. "त्या बाजूला वीज आली का?" एवढंच विचारतो.

तू म्हणशील, डाएंगला नव्याचं वावडं आहे. नाही रे बाबा. रस्ता रुंद झाला तेव्हा पहिल्या टाळ्या मी वाजवल्या. आईला, आपल्या इंदोला, शेवटच्या दुखण्यात इस्पितळात नेताना जुन्या रस्त्याच्या खड्ड्यांनी तिचे जे हाल केले ते मी मांडीवर तिचं डोकं घेऊन पाहिलेत. आणि माझं दुकान तर या नव्या माणसांवरच चालतं. घराखालच्या सावलीत कढई मांडून बसते, पूर्वी शाळेतली चार पोरं आणि ला तांग एवढीच गिऱ्हाइकं होती. ला तांग तर उधारीवरच. आता गवंडी येतात, सुतार येतात, ट्रकवाले येतात, तुमच्याकडच्या बायका गाडी थांबवून काच खाली करून केळी मागतात. तेल संपतं, केळी संपतात, माणसं संपत नाहीत. तेव्हा कुणाच्या येण्यावर मी रागावलेली नाही. पण भाताला पाणी लागतं तेवढंच सोडावं लागतं, बास्री. बांध फोडून सगळंच आत घेतलं तर पीक हाती लागत नाही, हे तुला शिकवायला नको. तूच पाणी सोडायला जायचास.

बघता बघता गावाच्या तिन्ही बाजूंना भिंती उभ्या राहिल्या. हाजी मानसूरचा थोरला, ज्याला कधी धड नांगर धरता आला नाही, तो काळा चष्मा लावून लोकांना जमिनी दाखवत फिरतो. मला म्हणाला, "डाएंग जुम, तुमची जागा रस्त्याला लागून आहे. सोनं आहे सोनं." मी म्हटलं, "सोनं आहे ना, मग मी त्याच्यावर बसलेलीच बरी." तुमच्या वसाहतीतून कुणीतरी तक्रार केली की गावातला कोंबडा फार लवकर आरवतो. गावप्रमुख बिचारे समज द्यायला ला तांगकडे गेले, कारण कोंबडा त्याचा. ला तांग म्हणाला, "समज त्यालाच द्या साहेब, पहाटे तो उठतो, मी नाही." आम्ही पोट धरून हसलो. पण हसून झाल्यावर मनात आलं, कोंबड्याने आरवावं की नाही हे ठरवायला लाजोंगात कधी कुणाची गरज पडली नव्हती.

कोंबड्याचं हसण्यावारी नेलं, पाण्याचं नेता येत नाही. झऱ्याची धार माझ्या मनगटाएवढी होती, ती आता करंगळीएवढी झालीय. वसाहतींनी जमिनीत भोकं पाडून यंत्रं बसवली, त्यांना किती लागतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. खालच्या अंगाची शेतं या वर्षी एकाच पिकावर थांबली. आणि आता कंपनीला तुमच्या वसाहतीचा तिसरा टप्पा हवाय, तो नेमका झऱ्याच्या माळावर. झरा बंद करून वर कारंजं करणार आहेत. चित्र दाखवलं आम्हाला, रंगीत छत्र्यांखाली गोरीगोरी माणसं बसलीत आणि कारंजं उडतंय. नेने साती, अख्ख्या गावाची आजी, चित्राकडे बघून म्हणाली, "आणि आमच्या म्हशी कुठे काढल्यात यांनी?" नव्वदीला टेकली तरी त्या म्हातारीची जीभ काही बोथट होत नाही. त्या माळावर आपण भात वाळवतो, ईदची नमाज पढतो, लग्नाचा मांडव घालतो, पण त्याचा कागद कुणाच्याच नावावर नाही. सगळ्यांचा म्हणून कुणाचाच नाही. असं कुणी म्हणेल, असं आपल्या वाडवडिलांच्या स्वप्नातही आलं नसेल.

सुनावणीला तू आला नव्हतास. नको येऊस, काही चुकलं नाही तुझं. जिल्ह्याहून एक साहेब आला होता, भला माणूस, सगळ्यांशी हात जोडून बोलला. भिंतीवर नकाशा लावला आणि म्हणाला, "हे पाहा, ही जागा मोकळी आहे. इथे कुणाचं घर नाही, चूल नाही. राहती घरं असती तर प्रत्येक घराची वेगळी सुनावणी घ्यावी लागली असती, पर्यायी पाणी दाखवावं लागलं असतं, त्यात दोनतीन वर्षं सहज गेली असती. पण मोकळ्या जागेला काही अडचण नाही." मग मागून नेने सातीचा आवाज आला, "म्हणजे साहेब, अडलंय ते घरावाचूनच ना? मग आणतो की." साहेब हसला. शहरातला माणूस, त्याला वाटलं म्हातारी थट्टा करतेय. चहा प्यायला, दोन केळी खाल्ली आणि या शुक्रवारनंतरच्या मंगळवारी मोजणीवाले येतील असं सांगून गेला. पण आमच्यातलं कुणीच हसलं नाही. सगळ्यांनी एकदम अंबोकडे पाहिलं.

अंबो घरी आला, जेवला नाही, घराखाली जाऊन एकेक खांब बोटाच्या पेराने वाजवत हिंडला. मला वाटलं म्हातारा खचला. मग वर येऊन म्हणाला, "जुम, माळ्यावर दोर किती आहेत?" तेव्हा मला कळलं, हा खचलेला नाही, हा कामाला लागलाय. हातपाय थकले पण घर उचलायच्या कामात आजही या भागात त्याचा शब्द शेवटचा. आणि उचलण्यासारखं घर तरी कुठे उरलंय? बाकीच्यांनी घराखाली विटांच्या खोल्या बांधल्या, सिमेंट ओतलं, भाडेकरू ठेवले. त्यांची घरं आता जागची हलत नाहीत. अगदी जुन्यासारखं, खुंट्यांवर तोललेलं, दगडांवर नुसतं टेकलेलं असं गावाच्या या अंगाला आपलंच आहे. आपल्यामागे आणखी चार घरवाले तयार झालेत, खालच्या खोल्या पाडायला लागलेतसुद्धा. पण पहिलं घर आपलं. ते माळावर उभं राहिलं, त्यात भात शिजला, दोरीवर कपडे वाळत पडले, की मंगळवारी मोजणीवाल्यांना तिथे मोकळी जागा सापडायची नाही. एवढ्याने कंपनी गाशा गुंडाळील असं समजण्याइतकी मी खुळी नाही. पण प्रत्येक घराची सुनावणी घ्यावी लागते असं साहेबच म्हणाला ना? मग घे म्हणावं. मी भरपूर बोलणार आहे.

तुला पुराच्या सालचं आठवतं का रे? नदी पडवीपर्यंत आली होती आणि पाणी ओसरल्यावर अंबोने ठरवलं की घर वर, रस्त्याकडे न्यायचं. तेव्हा अख्खा गाव आला होता. सामान बाहेर काढलं, भांडी, गाद्या, इंदोची शिवणाची पेटी, सगळं. घरात काही ठेवलं नाही, आणि सगळे समजले की तुला शेजारी ठेवलंय. शेजारच्यांना वाटलं तू आमच्याकडे आहेस. इंदोने पानात गुंडाळून वाफवलेली केळी भाताच्या टोपलीत झाकून ठेवली होती ती तेवढी गडबडीत आतच राहिली होती. अंबोची हाळी झाली, घर उठलं, डुलत डुलत वर आलं. नव्या जागी टेकवलं, दार उघडलं, तर टोपलीत तू. तोंडाला केळी फासलेली आणि एकही शिल्लक नाही. इंदोने रडायचं की मारायचं ते न कळून दोन्ही केलं. गावभर मग तुला "घराबरोबर आलेला" म्हणायचे. अजूनही नेने साती तुझं नाव विसरली की तेच म्हणते.

आणि तोच तू घर सोडून गेलास. बायकोसाठी, वुलानसाठी गेलास, तिच्या नोकरीची वेळ, तुमच्या लेकीची, नायलाची, शाळेची गाडी, नळ, न्हाणीघर, मला सगळं पटलं होतं तेव्हाही. शिडीवरून रोज चढउतर करायला ती काही या घरात वाढलेली नाही. पण अंबोला तू ज्या दिवशी सांगितलंस तो दिवस आठवला की मला आजही तुम्हा दोघांचेही कान उपटावेसे वाटतात. तो म्हणाला, "ज्या घराला पाय नाहीत त्या घरात माझा मुलगा राहणार?" तू म्हणालास, "घराला पाय कशाला हवेत, अंबो? मला कुठे पळून जायचंय?" आणि तो म्हणाला, "पळूनच तर चाललायस." बस्स. एवढ्यावर दोन पुरुष वर्षभर गप्प. एकमेकांना हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर राहून. बायकांनी असं केलं असतं तर गावाने नावं ठेवली असती.

आता एक फजिती सांगते, हस पोटभर. मागच्या रविवारी, म्हणजे आठ दिवसांपूर्वी, आम्ही तालीम केली. घर उचलायच्या आधी हात बसावा म्हणून हाजी मानसूरची जुनी भाताची कणगी, ती चार खांबांवरची, शेताच्या या टोकाहून त्या टोकाला न्यायचं ठरलं. पण माणसं आणायची कुठून? आपली पोरं निकेलच्या खाणीवर, नाहीतर मलेशियात. गावात उरलेत ते अंबोच्या वयाचे नाहीतर ला तांगसारखे, ज्याला जांभई द्यायलाही सोबत लागते. मग मीच माझ्या गिऱ्हाइकांना विचारलं. गवंडी पोरं, कुणी जावाकडची, कुणी फ्लोरेसची, तुमच्या वसाहतीची कामं करणारी. त्यांची सुट्टी होती. आली बिचारी आनंदाने, कंपनीविरुद्ध आहे हे ठाऊक असून. एक म्हणाला, "माझ्या गावीही हेच चाललंय, डाएंग, तिथे दुसऱ्या गावचे गवंडी आहेत."

तर अंबो उभा राहिला, हात वर केला आणि पहिली हाळी दिली. तुला ठाऊक आहे, पहिल्या हाळीला नुसता हात लावायचा, घराला सांगायचं की आम्ही आलोय. दुसरीला खांदा. तिसरीला उठायचं. ते पोटात असताना शिकल्यासारखं आपल्याला येतं. पण गवंडी पोरांनी पहिल्याच हाळीला दणकन उचललं! त्यांची बाजू आभाळात, आपली बाजू अजून बिसमिल्ला म्हणतेय. कणगी अशी कलली आणि चिखलात म्हशीसारखी आडवी झाली. कुणाला लागलं नाही, अल्लाची कृपा. हाजी मानसूर कणगीकडे बघत नुसता उभा राहिला. ला तांग म्हणाला, "गेली तर खरी दुसऱ्या टोकाला. अर्धी."

सगळे त्या पोरांवर ओरडायला लागले, तेवढ्यात अंबोने हात वर केला. म्हणाला, "त्यांना सांगितलं कुणी होतं?" आणि खरंच, कुणीच सांगितलं नव्हतं. तीन हाळ्या असतात हे सांगावं लागतं, असं आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही. बास्री, त्या रात्री मला झोप आली नाही. मला वाटलं, आपण वसाहतीतल्या माणसांच्या नावाने वर्षभर खडे फोडतोय, पण झऱ्यावर वरच्या अंगाला साबण लावायचा नसतो, कोरड्या महिन्यात दुपारचं पाणी उपसायचं नसतं, हे त्यांना आपल्यापैकी कुणी जाऊन सांगितलं का? आपण वाट बघत बसलो की त्यांना आपोआप कळेल. आणि कळलं नाही तेव्हा म्हटलं, बघा, माणसंच वाईट.

दुसऱ्या दिवशीच झऱ्यावर वुलान भेटली. तुला तिने सांगितलंय का माहीत नाही. दोन्ही हातांत प्लास्टिकचे डबे, पायात ऑफिसचे बूट, चिखलात रुतलेले. मला बघून दचकली, मग तिच्याकडे थोरल्या बहिणीला म्हणतात तसं "म्बाक" म्हणाली आणि डोळ्यांत पाणी. म्हणाली, "म्बाक जुम, आमच्या नळाला आठवड्यातून दोनदाच पाणी येतं. टँकर मागवला तर त्याला वास मारतो. नायलाच्या अंगावर पुरळ आलंय. बास्रींना सांगितलं झऱ्यावर जा, तर म्हणतात, कुठल्या तोंडाने जाऊ?" मी तिचे डबे भरले. म्हटलं, "तोंडाने नाही, पायाने यायचं असतं झऱ्यावर. सांग त्याला." मग तिला बसवून सगळं सांगितलं, साबणाचं, दुपारचं, आणि तिसऱ्या टप्प्याचं. तिला वाटत होतं कारंजं म्हणजे आणखी पाणी येणार. तुमच्या सगळ्यांनाच तसं सांगितलंय म्हणे. मी म्हटलं, "अगं, एकच झरा. तो कारंज्यात उडाला तर तुझ्या नळाला काय येणार, फोटो?" तेव्हा ती हसली. तुझी बायको हसली की गालाला खळी पडते हे मला इतक्या वर्षांनी कळलं, ही काय कमाल झाली!

तेव्हा शुक्रवारचं असं ठरलंय. बांबू कापून झालेत, दोर भिजत घातलेत. गावप्रमुख दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबवणार. आणि बघ, रस्ता एवढा रुंद केला म्हणूनच आपलं घर त्यावरून अख्खं जाणार, जुन्या रस्त्याने नसतं गेलं. विजेच्या तारा लांब काठ्यांनी वर धरायला रुस्तान आणि त्याचा जोडीदार येणार, टोप्या काढून. स्वयंपाकाला नेने सातीपासून सगळ्या बायका, मासे भाजायचे, केळी वाफवायची, आणि यावेळी टोपली मी स्वतः तपासणार आहे. पण खांदे पुरत नाहीत. गवंडी पोरं येतायत, या खेपेला त्यांना तीन हाळ्या पाठ आहेत, कढईपाशी बसूनसुद्धा घोकतात. तरी पुरत नाहीत. मला तुमच्या वसाहतीतले पुरुष हवेत. उंच आहेत ते, आपले बुटके, म्हणून अंबो म्हणाला की त्यांना उताराच्या बाजूला लावू म्हणजे घर सपाट राहील. वुलानने शेजारच्या बायकांना सांगितलंय आणि त्या नवऱ्यांच्या मागे लागल्यात. पण पुरुषांना पुरुषानेच सांगावं लागतं, आणि हाळ्या शिकवायला ज्याच्या हाडात त्या आहेत असा माणूस त्या भिंतीच्या आत एकच आहे. ते तू करायचं आहेस. मी विनवणी करत नाही, काम सांगतेय.

आणि आता ते शेवटचं, ज्यासाठी हे पत्र लिहिलं. काल अंबोने जागा वाटून दिल्या. घराखाली उभा राहून प्रत्येकाला हाताने धरून त्याच्या बांबूपाशी लावलं. घराच्या मुख्य, नाभीच्या खांबाच्या उजव्या अंगाला मात्र कुणालाच उभं केलं नाही. तिथे घराचा धनी उभा राहतो आणि आपल्यात घर धाकट्याचं, तू त्यात राहा नाहीतर नको राहूस. ला तांगने अदबीने विचारलं, "पुआंग, इथे कोण?" अंबो म्हणाला, "तिथला माणूस आहे." "कुठाय?" "आहे म्हटलं ना." आणि आज सकाळी मी चूल पेटवत होते तेव्हा शिडीच्या वरच्या पायरीवर बसून म्हणाला, "जुम, तुझं अक्षर चांगलं आहे. त्याला लिही." वर्षभरात पहिल्यांदा तुझ्याबद्दल "त्याला" म्हणाला. मी विचारलं, काय लिहू? मग म्हणाला, "लिही, पुराच्या साली घर जड होतं. नाभीच्या बाजूला मी होतो, पहिल्या हाळीलाच मला कळलं होतं की तो आत आहे. उतरवलं असतं, पण म्हटलं राहू दे, घराबरोबरच येऊ दे." एवढंच बोलला आणि तुझ्या माडीकडे तोंड करून बसला. बास्री, डॉक्टरांनी त्याला भरली बादलीसुद्धा उचलायची नाही म्हणून बजावलंय, हे तुला वुलानकडून कळलं असेल. पण मी या माणसाला ओळखते आणि तूही ओळखतोस. शुक्रवारी तिसऱ्या हाळीला ती जागा रिकामी राहणार नाही. तिथे तुझा खांदा असेल, नाहीतर त्याचा.

तुझीच, केळी राखून ठेवणारी,
डाएंग जुम